भ्रूणाचे पहिले सहा दिवस : प्रयोगशाळेतील गर्भधारणा आणि वैद्याचे कर्तव्य

अपत्यप्राप्तीसाठी आयव्हीएफ, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबी उपचार घेणारी अनेक दांपत्ये त्याच काळात आयुर्वेदीय वैद्याकडेही येत असतात. काही उपचारापूर्वी बीजशुद्धीसाठी येतात, काही एक-दोन प्रयत्न निष्फळ ठरल्यावर येतात, तर काही जण भ्रूण गर्भाशयात सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'गर्भ टिकण्याचे औषध' मागण्यासाठी थेट औषधी दुकानात जातात. त्यांच्या हातातील कागदावर 'डे ५', 'ग्रेड ४ एए', 'बीटा एचसीजी' अशी अक्षरे असतात. ती वाचता आली नाहीत, तर वैद्याचा सल्ला अंदाजावर चालतो आणि त्याचे परिणाम रुग्णेला भोगावे लागतात.

प्रयोगशाळेत भ्रूणाची वाढ कशी होते, ती मध्येच का थांबते, यशाची टक्केवारी कशी वाचावी आणि या सर्व प्रक्रियेत वैद्याचे कार्य नेमके कोठे येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : भ्रूणाचे भवितव्य बहुतांशी बीजात ठरते. म्हणून वैद्याच्या प्रयत्नांचा खरा काळ बीज बाहेर काढण्यापूर्वीचा आहे. भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर त्याच्याकडून औषधापेक्षा संयमाची अपेक्षा अधिक आहे.

अल्प पूर्वेतिहास

शरीराबाहेर फलन झालेल्या पहिल्या बालकाचा जन्म २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो, शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांच्या दशकभराच्या परिश्रमांचे ते फळ होते. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, म्हणजे ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून कन्या जन्मली. मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्या कार्याला मान्यता मिळाली नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. डॉ. मुखोपाध्याय यांच्या नोंदी तपासून त्यांचे श्रेय जाहीरपणे त्यांना देणारे पुढे हेच आनंद कुमार होत.

दिवसागणिक वाढ

सुश्रुताचार्यांनी गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबु आणि बीज हे चार घटक सांगितले आहेत. आयव्हीएफ उपचार समजून घेण्यास ही मांडणी आजही उपयोगी पडते. नैसर्गिक गर्भधारणेत हे चारही घटक शरीरातच एकत्र येतात. आयव्हीएफमध्ये बीज काही दिवस शरीराबाहेर राहते, त्याला लागणारे अंबु प्रयोगशाळेतील पोषक द्रव पुरवितो आणि ऋतू व क्षेत्र यांची सिद्धता औषधांनी केली जाते.

बीजकोषातील अनेक स्त्रीबीजे एकाच वेळी वाढावीत म्हणून साधारणतः दहा-बारा दिवस इंजेक्शने दिली जातात. बीजे परिपक्व होण्यासाठी शेवटचे इंजेक्शन दिल्यावर सुमारे ३४ ते ३६ तासांनी, सोनोग्राफीच्या साहाय्याने योनिमार्गातून सुई घालून ती बाहेर काढतात. हा शून्य दिवस होय. त्याच दिवशी पोषक द्रवात बीज व शुक्राणू एकत्र ठेवले जातात, किंवा एकेका बीजात एकेक शुक्राणू सूक्ष्म सुईने सोडला जातो. या दुसऱ्या पद्धतीस इक्सी म्हणतात.

पहिला दिवस : सुमारे १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजात दोन केंद्रके दिसली, एक मातेकडील व एक पित्याकडील, तर फलन योग्य झाले असे समजतात. अहवालात याची नोंद '२ पीएन' अशी असते. तीन केंद्रके दिसल्यास ते फलन सदोष मानून तो भ्रूण वापरीत नाहीत.

दुसरा व तिसरा दिवस : एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ अशा पेशी होतात. दुसऱ्या दिवशी चार व तिसऱ्या दिवशी आठच्या सुमारास पेशी असणे, त्या सारख्या आकाराच्या असणे आणि त्यांचे तुकडे फारसे पडलेले नसणे ही चांगली लक्षणे होत. भ्रूणाचा एकूण आकार या काळात वाढत नाही, हे लक्षात ठेवावे. तो मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढाच राहतो. बाहेरील आवरणाच्या आत पेशींची संख्या वाढते आणि प्रत्येक पेशी लहान होत जाते.

या टप्प्यावर एक महत्त्वाची घटना घडते. पहिले दोन-तीन दिवस भ्रूण स्त्रीबीजात आधीपासून साठविलेल्या द्रव्यांवर जगत असतो. चार ते आठ पेशींच्या अवस्थेत त्याची स्वतःची जनुके प्रथमच कार्य करू लागतात. अनेक भ्रूणांची वाढ तिसऱ्या दिवसानंतर थांबते, त्याचे हे एक कारण आहे. शिदोरी सकस असेल तर तिसऱ्या दिवसापर्यंतचा प्रवास होतो. पुढचा प्रवास स्वतःच्या बळावर करावयाचा असतो.

चौथा दिवस : पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात, की त्यांच्या सीमारेषा दिसेनाशा होतात. ही मोरुला अवस्था होय.

पाचवा व सहावा दिवस : भ्रूणाच्या आत द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि पेशींचे दोन गट स्पष्ट होतात. आतील पेशींच्या पुंजक्यापासून गर्भशरीर घडते, तर बाहेरच्या थरापासून अपरा, म्हणजे वार, तयार होते. या अवस्थेस ब्लास्टोसिस्ट म्हणतात. यानंतर भ्रूण आवरण फोडून बाहेर पडतो आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अंतःस्तरात रुजू लागतो. अंतःस्तर त्याला स्वीकारण्यास मोजकेच दिवस अनुकूल असतो. प्रोजेस्टेरॉन किती दिवस दिल्यावर भ्रूण सोडावयाचा, याचा काटेकोर हिशेब म्हणूनच ठेवला जातो.

हे सर्व दिवस भ्रूण ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पेटीत असतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, परंतु पेटीत तो बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण गर्भाशय व बीजवाहिनीतील परिस्थिती त्याच्या अधिक जवळची असते. हवेतील उडनशील रसायने भ्रूणाला बाधक ठरू शकतात, म्हणून प्रयोगशाळेत सुगंधी द्रव्ये वर्ज्य असतात. आपल्या रुग्णेस बीज काढण्याच्या व भ्रूण सोडण्याच्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल किंवा उग्र वासाचे लेप लावू नयेत, असे आवर्जून सांगावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चरकसंहितेत वामिनी योनिव्यापदाच्या वर्णनात सहा-सात दिवसांचा उल्लेख येतो. भ्रूण रुजण्याचा काळही तोच असल्याने, आचार्यांना हे सर्व ज्ञात होते, असे विधान व्याख्यानांतून ऐकू येते. आचार्यांनी केलेले निरीक्षण आदरणीय आहेच. परंतु सूक्ष्मदर्शकाने पाहिलेली गोष्ट त्यांच्या नावावर घातल्याने त्यांचा गौरव वाढत नाही आणि आपल्या रुग्णेचाही लाभ होत नाही.

'प्रत' म्हणजे काय

ब्लास्टोसिस्टची प्रत ठरविण्यासाठी बहुतेक ठिकाणी डेव्हिड गार्डनर व विल्यम स्कूलक्राफ्ट यांनी १९९९ साली मांडलेली पद्धत वापरतात. तीत १ ते ६ हा अंक भ्रूण किती प्रसरण पावला हे दर्शवितो. पहिले अक्षर आतील पेशीपुंजाची व दुसरे बाहेरील थराची प्रत सांगते. 'ए' उत्तम, 'बी' मध्यम आणि 'सी' कनिष्ठ. म्हणजे '४ एए' हा चांगला प्रसरण पावलेला व दोन्ही गट उत्तम असलेला भ्रूण, तर '३ बीबी' हा मध्यम प्रतीचा.

ही प्रत केवळ दर्शनपरीक्षेवर आधारलेली आहे. दिसावयास उत्तम असलेल्या भ्रूणातही गुणसूत्रांचा दोष असू शकतो, आणि मध्यम प्रतीच्या भ्रूणापासूनही निरोगी बालके जन्मतात. रुग्णेच्या कागदावर 'बीबी' पाहून वैद्याने चेहरा पाडू नये आणि 'एए' पाहून आश्वासनही देऊ नये.

भ्रूण मध्येच का थांबतो

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. समजा, एका स्त्रीची १२ बीजे मिळाली. त्यांपैकी ९-१० परिपक्व निघतात, ६-७ फलित होतात आणि ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत तीनच्या सुमारास पोहोचतात. ही घट सामान्य आहे. 'बारापैकी नऊ वाया गेली' असे सांगत रुग्णा रडत येते, तेव्हा हा उपचाराचा किंवा तिच्या आहारविहाराचा दोष नाही, हे तिला समजावून सांगणे ही पहिली चिकित्सा होय.

वाढ थांबण्याचे व भ्रूण न रुजण्याचे सर्वांत मोठे कारण गुणसूत्रांच्या संख्येतील दोष हे आहे. स्त्रीची सर्व बीजे ती स्वतः मातेच्या उदरात असतानाच तयार होतात आणि विभाजनाच्या मध्यावर थांबून राहतात. चाळिसाव्या वर्षी बाहेर पडणारे बीज चार दशके वाट पाहत राहिलेले असते. या काळात गुणसूत्रांच्या जोड्यांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने क्षीण होतात आणि विभाजनाच्या वेळी वाटणी चुकते. ब्लास्टोसिस्टच्या तपासण्यांतून असे आढळले आहे, की तिशीच्या सुमारास साधारणतः चतुर्थांश ते तृतीयांश भ्रूणांत हा दोष असतो, चाळिशी गाठताना तो निम्म्याहून अधिक भ्रूणांत दिसतो आणि ४३-४४ नंतर तीन-चतुर्थांशांच्याही पुढे जातो. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्या गर्भपातांमागे हेच कारण असते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार केला आहे. ज्या भागाची दुष्टी होते त्या भागातून घडणारा अवयव विकृत होतो, हा त्यांचा सिद्धांत. तपशील वेगळे असले तरी विचाराची दिशा स्पष्ट आहे : क्षेत्र कितीही सिद्ध केले तरी सदोष बीजाची भरपाई त्याने होत नाही. गर्भ राहिला नाही की सारा दोष स्त्रीच्या गर्भाशयावर, तिच्या उष्ण प्रकृतीवर किंवा तिने उचललेल्या बादलीवर टाकण्याची आपल्या समाजाची सवय आहे. वैद्याने तिला दुजोरा देऊ नये.

यशाची टक्केवारी कशी वाचावी

'आमच्याकडे ५० टक्के यश' हे वाक्य ऐकल्यावर दोन प्रश्न विचारावेत. यश कशाला म्हटले आहे? आणि शंभर कोणाचे धरले आहेत?

कल्पित आकडे घेऊ. शंभर स्त्रियांनी इंजेक्शने सुरू केली. त्यांपैकी ८० जणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडता आला, ४० जणींची रक्ततपासणी सकारात्मक आली, ३२ जणींच्या सोनोग्राफीत हृदयस्पंदन दिसले आणि २६ जणींच्या घरी जिवंत बालक आले. आता ८० पैकी ४० म्हणजे ५० टक्के, ८० पैकी ३२ म्हणजे ४० टक्के आणि १०० पैकी २६ म्हणजे २६ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत, परंतु दांपत्याला हवा असतो तो शेवटचा.

वयाचा प्रभाव किती प्रबळ आहे, हे ब्रिटनमधील नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या आकडेवारीवरून दिसते. सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे जिवंत बालक जन्मण्याचे प्रमाण ३५ वर्षांखालील स्त्रियांत ३२ टक्के होते, तर ४३ व त्यापुढील वयात स्वतःच्या बीजापासून ते ५ टक्क्यांहूनही कमी होते. या आकडेवारीत अगदी तरुण स्त्रीच्या बाबतीतही एका भ्रूणामागे अपयशाची शक्यता यशापेक्षा जास्तच होती.

अपयशानंतर 'आणखी काहीतरी' करण्याची ओढ स्वाभाविक आहे. आधुनिक केंद्रांतही अशी अनेक जोड-उपाययोजना दिली जाते. त्यांची परीक्षा काय सांगते? अंतःस्तराला मुद्दाम ओरखडा काढल्याने रोपण सुधारते असा समज होता. १,३६४ स्त्रियांवरील अभ्यासात (२०१९) ओरखडा काढलेल्या व न काढलेल्या दोन्ही गटांत जिवंत जन्माचे प्रमाण सारखेच, सुमारे २६ टक्के आले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८४८ स्त्रियांवर ॲक्युपंक्चरचा अभ्यास झाला (२०१८). खऱ्या उपचाराच्या गटात जिवंत जन्माचे प्रमाण १८.३ टक्के, तर लटक्या उपचाराच्या गटात १७.८ टक्के होते. हा फरक नगण्य आहे. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांच्या अभ्यासात (२०२१) भ्रूणांची गुणसूत्रे तपासलेल्या गटात एकत्रित जन्मप्रमाण ७७.२ टक्के आले, तर न तपासलेल्या गटात ते ८१.८ टक्के होते. भरपूर भ्रूण मिळणाऱ्या त्या तरुण स्त्रियांना तपासणीचा विशेष लाभ झाला नाही.

ही उदाहरणे येथे देण्याचे प्रयोजन दुसऱ्या पॅथीचे दोष दाखविणे हे नाही. आपणही फलघृत किंवा उत्तरबस्ती दिल्यानंतर एखादी गर्भधारणा झाली की तिचे श्रेय औषधास देतो. दर शंभर भ्रूणांपैकी पंचवीस-तीस आमच्या औषधाविनाही यशस्वी होणारच होते, हे त्या वेळी विसरले जाते. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर अनुभव हे प्रमाण ठरत नाही. आपल्या शास्त्रासाठी वेगळी फूटपट्टी मागता येणार नाही.

वैद्याचा खरा काळ : आधीचे तीन महिने

शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर पुढील मार्गातून येण्यास आणखी काही दिवस. स्त्रीबीज आधीपासून असले तरी त्याची अंतिम वाढही सुमारे तीन महिने चालते. हा कालावधी वैद्याच्या हाती आहे.

या काळात पुढील गोष्टी कराव्यात. दोघांचेही तंबाखूचे सर्व प्रकार बंद करावेत. पुरुषांचा गुटखा व विडी विचारली जाते, पण ग्रामीण भागातील स्त्रिया दातांना लावतात ती मिश्री विचारावयाची राहून जाते. मद्य बंद करावे. स्थौल्य असल्यास आहारविहाराने वजन कमी करावे. रक्तातील साखर, थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. फॉलिक आम्ल रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू असल्याची खात्री करावी, कारण मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेचे निश्चित निदान होण्याच्या सुमारासच बंद होत असते. झोप, अग्नी आणि मन यांची काळजी घेण्यात तर आपले शास्त्र समर्थ आहेच. शोधनकर्म करावयाचे असल्यास ते इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी किमान एक पाळी आधी संपवावे. चालू उपचारचक्रात वमन-विरेचन करू नये.

मात्र येथे एक कठोर सत्य सांगणे आवश्यक आहे. वयोमानाने गुणसूत्रांत होणारा दोष परतविणारे औषध आज कोणत्याही पॅथीत उपलब्ध नाही. एएमएच ही तपासणी बीजांच्या उरलेल्या संख्येचा अंदाज देते, गुणवत्तेचा नव्हे. आणि तो आकडा औषधाने वाढविण्याच्या नादात अनेक स्त्रियांचे मोलाचे महिने जातात. २८ वर्षांच्या रुग्णेला सहा महिने थांबविणे आणि ३९ वर्षांच्या रुग्णेला सहा महिने थांबविणे यांत महदंतर आहे. पस्तिशी ओलांडलेल्या रुग्णेला प्रथम वंध्यत्वतज्ज्ञांकडे पाठवावे आणि आपली चिकित्सा त्या उपचाराला समांतर ठेवावी. तिची वेळ आपण घेऊ नये.

उपचारचक्रात व भ्रूण सोडल्यानंतर

इंजेक्शने सुरू झाल्यापासून पोटात घ्यावयाची औषधे शक्यतो थांबवावीत, आणि काही द्यावयाचेच असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवून द्यावे. पिप्पलीतील पायपरीन अनेक आधुनिक औषधांचे शोषण वाढविते. गुग्गुळ व लसणाचे अर्क रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकतात, आणि बीज काढताना बीजकोषात सुई जात असते. यष्टीमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. ही द्रव्ये वाईट आहेत असे नव्हे. काळ अयोग्य आहे.

पुढील प्रसंग वैद्याने तत्काळ ओळखावेत.

पहिला : बीज काढल्यानंतरच्या दोन आठवड्यांत पोट फुगणे, वजन झपाट्याने वाढणे, उलट्या, लघवी कमी होणे, धाप लागणे. हे साधे आध्मान नाही. बीजकोष अतिउत्तेजित झाल्याने द्रव रक्तवाहिन्यांतून उदरात उतरत असतो. अशा वेळी विरेचन किंवा मूत्रल औषध दिल्यास रक्त अधिकच घट्ट होऊन प्राणावर बेतू शकते. रुग्णेला त्वरित रुग्णालयात पाठवावे.

दुसरा : तपासणी सकारात्मक असताना एका बाजूस ओटीपोटात तीव्र वेदना, चक्कर, खांद्यात दुखणे. भ्रूण गर्भाशयात सोडला असला तरी तो बीजवाहिनीत रुजू शकतो. येथे तासांचे महत्त्व आहे.

तिसरा : थोडा रक्तस्राव. याचा अर्थ गर्भ गेलाच असा नाही. रक्ततपासणी होईपर्यंत प्रोजेस्टेरॉन बंद करण्याचा सल्ला वैद्याने कदापि देऊ नये.

तपासणीबाबतही घाई नको. बीज परिपक्व करण्यासाठी दिलेले इंजेक्शन एचसीजीचेच असेल, तर ते दहा ते चौदा दिवस शरीरात राहू शकते आणि घरच्या तपासणीत खोटी रेघ उमटते. प्रोजेस्टेरॉनमुळे स्तन जड होणे, मळमळणे व पाळी लांबणे ही गर्भिणीसारखी लक्षणे गर्भ नसतानाही दिसतात. बीटा एचसीजीचा एक आकडा पुरेसा नसतो. निरोगी गर्भात प्रारंभी तो साधारण दोन दिवसांत दुपटीच्या आसपास जातो. हृदयस्पंदन सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसते.

पूर्ण विश्रांतीविषयी सर्वत्र गैरसमज आहे. भ्रूण सोडल्यानंतर अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. हलकी हालचाल व नेहमीची घरातील कामे चालतात. भ्रूण उभे राहिल्याने गळून पडत नाही.

गर्भिणी परिचर्या मासानुमासिक ठरविताना दिवस मोजण्यात गोंधळ होतो. पाचव्या दिवसाचा भ्रूण ज्या दिवशी सोडला, तो दिवस गर्भावस्थेचे २ आठवडे ५ दिवस धरावा. संभाव्य प्रसूतिदिनांक त्या दिवसापासून २६१ दिवसांनी येतो.

औषधी विक्रेत्यांसाठी

या विषयात दुकानदारांची जबाबदारी वैद्यांइतकीच आहे. गर्भपाल रसासारखा कल्प पुष्कळदा चिठ्ठीविना मागितला जातो. त्याच्या पाठात हिंगुळ व वंगासोबत नाग भस्म आहे, आणि नाग म्हणजे शिसे. शिसे अपरेतून गर्भात पोहोचते व विकसनशील मेंदूला त्याची सुरक्षित मर्यादा ज्ञात नाही. २०११-१२ साली न्यूयॉर्क शहरात आयुर्वेदीय औषधे घेतलेल्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळल्याची नोंद तेथील आरोग्य यंत्रणेने केली. शोधन-मारणाची चर्चा विद्वत्सभेत अवश्य व्हावी, परंतु तिचा निकाल गर्भिणीच्या शरीरावर लावू नये. अशा काळात नाग व पारदयुक्त कल्प टाळणे हाच विवेक होय. हिंगुळासारखी द्रव्ये अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट आहेत व त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे, हे आपण जाणताच. ती सूचना गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी.

जाहिरातींबाबत कायदा स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात स्त्रियांच्या वंध्यत्वाचा समावेश असल्याने त्यावरील खात्रीशीर औषधाचा फलक लावणे हा अपराध ठरतो. तसेच १९९४ च्या लिंगनिवड प्रतिबंधक कायद्यात, २००३ च्या दुरुस्तीनंतर, विशिष्ट लिंगाचा गर्भ राहण्याची शक्यता वाढविण्यासाठी काहीही देणे किंवा लिहून देणे लिंगनिवडीच्या व्याख्येत येते. 'पुंसवन' या नावाखाली मुलगा होण्याचे औषध देणारा वैद्य आणि ते विकणारा दुकानदार दोघेही या कायद्याच्या कक्षेत येतात. भ्रूणाचे लिंग फलनाच्या क्षणी शुक्राणूने ठरलेले असते. त्यानंतर दिलेले कोणतेही औषध ते बदलत नाही. म्हणून हा व्यवहार बेकायदेशीर आहे, तसाच खोटाही आहे.

समारोप

आयव्हीएफचा प्रयत्न निष्फळ झाल्यावर दांपत्य पुष्कळदा प्रथम आपल्याकडे येते. तेथे डॉक्टरांना दहा मिनिटे असतात, आपल्याकडे अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात कागद वाचून कोणत्या टप्प्यावर काय थांबले ते सांगावे : बीजे मिळाली नाहीत, फलन झाले नाही, भ्रूण तिसऱ्या दिवशी थांबला की चांगला भ्रूण सोडूनही रुजला नाही. प्रत्येकाची पुढील दिशा वेगळी आहे. यांपैकी बहुतेक टप्पे स्त्रीच्या वागणुकीवर अवलंबून नव्हते, हे तिच्या पतीसमक्ष व सासूसमक्ष स्पष्ट शब्दांत सांगावे. पुरुषाची तपासणी राहिली असल्यास ती करवून घ्यावी. पुढील प्रयत्न करावयाचा असल्यास मधले तीन महिने आपण आपल्या शास्त्राने सार्थकी लावावेत. आणि दांपत्याने थांबण्याचा निर्णय घेतल्यास त्याचाही तेवढाच आदर ठेवावा.

प्रत्येक रुग्णेची तिचे वय, भ्रूणाचा दिवस व प्रत, दिलेली औषधे आणि अंतिम परिणाम अशी नोंद वैद्यबंधु-भगिनींनी ठेवली, यशाबरोबर अपयशही लिहिले, तर काही वर्षांत आपल्याच हाती तुलना करण्याजोगी सामग्री जमा होईल. आपल्या चिकित्सेने बीजाला खरोखर किती बळ मिळते, हे तेव्हा आपल्याला आकड्यांनिशी सांगता येईल. तोपर्यंत रुग्णेस आपल्याला जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगावे.